भोंगा वाजवणारी उत्तरे

भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता?

बहुतेक वाचकांच्या ओठांवर उत्तर आलेच असेल : हॉकी. माझ्या पिढीने सामान्यज्ञानाच्या पुस्तकातून ते पाठ केले, आमच्या मुलांनीही केले. 2012 मध्ये लखनौच्या एका दहा वर्षांच्या मुलीने माहितीच्या अधिकारात सरकारकडे विचारणा केली, की हॉकीला राष्ट्रीय खेळ ठरवणारा आदेश मला दाखवा. क्रीडा मंत्रालयाने कळवले, की असा कोणताही खेळ घोषित केलेला नाही. आदेशच नव्हता. एक पिढी दुसरीला सांगत आली आणि सांगण्यालाच आदेशाचे वजन आले.

अशा उत्तरांवर हसण्यासाठी इंग्लंडमध्ये बीबीसीवर 2003 पासून एक कार्यक्रम चालू आहे. नाव दोनच अक्षरांचे, 'क्यूआय'. 'क्वाइट इंटरेस्टिंग', म्हणजे 'बऱ्यापैकी मजेशीर', याचे ते लघुरूप. बुद्ध्यांकाचा 'आयक्यू' उलटा लिहिला तरी तेच होते. तीनचार वर्षांपूर्वी इंटरनेटवर त्याचा एक भाग सहज पाहिला आणि तेव्हापासून मी त्याचा नियमित प्रेक्षक आहे. इंग्रजी विनोदातले निम्मे मला आजही कळत नाहीत. तरी रात्रीच्या जेवणानंतर नांदेडात बसून हा कार्यक्रम पाहताना मला परके वाटत नाही. असे का वाटत असावे, हे शोधण्यासाठी हा लेख.

खेळ आणि त्याचे नियम

कार्यक्रमाची कल्पना जॉन लॉईड या निर्मात्याची. पहिल्या मालिकेचे अक्षर 'ए', दुसरीचे 'बी', अशा क्रमाने वर्णमाला पुढे सरकते आणि त्या त्या वर्षीचे विषय त्या अक्षराने सुरू होतात. 2016 पर्यंत सूत्रसंचालक होते स्टीफन फ्राय. त्यानंतर ती खुर्ची सँडी टॉक्सविग यांच्याकडे आली. समोर चार जण बसतात, बहुतेक विनोदी नट. त्यांतले अ‍ॅलन डेव्हिस पहिल्या भागापासून कायमचे आहेत आणि बऱ्याचदा शेवटचा नंबर त्यांचाच असतो.

खरी गंमत गुण देण्याच्या पद्धतीत आहे. बरोबर उत्तराला गुण मिळतात, पण बरोबर उत्तर क्वचितच येते, कारण प्रश्नच तसे असतात. उत्तर चुकले तरी ते मजेशीर असेल तर गुण मिळतात. 'मला माहीत नाही' म्हटल्यास काही कापले जात नाही. गुण कापले जातात ते एकाच गोष्टीला : सगळ्यांना ठाऊक असलेले, तोंडातून आपोआप निघणारे आणि चुकीचे असलेले उत्तर. कोणी ते दिले की मोठा भोंगा वाजतो, दिवे लुकलुकतात आणि मागच्या पडद्यावर तेच उत्तर आधीच लिहून ठेवलेले दिसते. तुम्ही काय बोलणार हे त्यांना तुमच्या आधी माहीत होते! सगळे हसतात, उत्तर देणाराही हसतो.

चंद्रावरून मानवाने बांधलेली कोणती वस्तू दिसते? चीनची भिंत. भोंगा. चंद्रावरून अशी कोणतीच वस्तू दिसत नाही. भिंत लांब असली तरी रुंदीला फार थोडी आहे. एवढ्या अंतरावरून रुंदीच महत्त्वाची असते, हे गावाबाहेरच्या टेकडीवरून खालची पाऊलवाट शोधणाऱ्या कोणालाही कळेल. आपण ते कधी पडताळले नाही, कारण उत्तर छापलेले होते.

कूटाचा आपला वारसा

हे सगळे पाहताना मला पहिल्यांदा डफ आठवला. अवघड, आडबाजूची माहिती लोकांसमोर, हसतखेळत, चढाओढीने विचारणे महाराष्ट्राला नवे नाही. आपल्या भेदिक शाहिरीचे नावच 'भेद' या शब्दावरून आले आहे, म्हणजे उकलायचे रहस्य. कलगी आणि तुरा असे दोन पक्ष. तुरेवाले शिवाला, पुरुषतत्त्वाला थोर मानणारे, कलगीवाले शक्तीला. एकाने कवनातून सवाल टाकायचा आणि दुसऱ्याने त्याच चालीवर जबाब द्यायचा. सवाल रामायण-महाभारतातल्या कोपऱ्यातल्या पात्रांवर, पुराणातल्या वंशावळींवर, पिंड-ब्रह्मांडावर आणि शरीरातल्या नाड्यांच्या संख्येवर. ऐकणारे शेतकरी आणि बलुतेदार, अनेकांना अक्षरओळख नसलेली, पण कोणाचा जबाब पोकळ आहे हे त्यांना बरोबर कळत असे. तमाशाच्या फडात हाच सवाल-जबाब आला. 1964 सालच्या, अनंत माने यांच्या 'सवाल माझा ऐका' या चित्रपटाने तो शहरी प्रेक्षकांपर्यंत नेला.

आमच्या नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात भरते. घोडे, गाढवे, उंट यांचा बाजार, कुस्त्या आणि लावणी महोत्सव, सगळे एकाच माळावर. आता तिथे सवाल-जबाबापेक्षा लावणीला गर्दी अधिक असते. तरी राहुटीबाहेर, शेकोटीभोवती, एखादा म्हातारा पोरांना कोडे घालताना अजून भेटतो.

'कोडे' यासाठी जुना मराठी शब्द 'उखाणा'. आज उखाणा म्हटले की लग्नात नवऱ्याचे नाव घेणे एवढेच उत्तर येते. क्यूआयमध्ये या उत्तराला भोंगा वाजला असता. नाव घेण्याचा उखाणा खोटा नाही, पण उखाण्याचे पोट त्याहून मोठे आहे. संतांच्या कूटरचनाही याच घरच्या. अशक्य वाटणारी गोष्ट सांगून ऐकणाऱ्याला थांबवायचे आणि अर्थ त्याच्याकडूनच काढून घ्यायचा.

वारसा जवळचा असला तरी एक फरक आहे. कलगी-तुऱ्यात जबाब न येणे ही हार, आणि हार म्हणजे मानहानी. क्यूआयमध्ये अडाणी ठरण्याची भीती काढून टाकली आहे. सर्वांत कमी गुण मिळवणाऱ्या डेव्हिस यांच्यावर प्रेक्षकांचा सर्वांत जास्त जीव आहे. आपल्याकडे असलेल्या वस्तूत हा एकच बदल करून त्यांनी वेगळीच वस्तू बनवली.

आपल्या मुलखाची फेरी

हा कार्यक्रम बघता बघता मला एक सवय लागली. आपल्याकडच्या प्रश्नांना कोणते भोंगे वाजतील, ते मी वहीत टिपू लागलो. त्यांतले काही वाचकांपुढे ठेवतो.

कंधार कुठे आहे? 1999 साली अपहरण झालेले विमान नेले होते तिथे, अफगाणिस्तानात, असे पुण्या-मुंबईची मंडळी हमखास सांगतात. आमचे कंधार नांदेड जिल्ह्यात आहे. राष्ट्रकूटांच्या काळापासूनचे हे गाव, किल्ल्याभोवती पाण्याचा खंदक. खुद्द राष्ट्रकूट राजे आपल्या लेखांत स्वतःला 'लट्टलूर' नगरीचे स्वामी म्हणवून घेत आणि हे लट्टलूर म्हणजे लातूर, असे संशोधक सर्वसाधारणपणे मानतात. वेरूळचे कैलास लेणे खोदवणारे घराणे आपले मूळ गाव म्हणून ज्याचे नाव मिरवत होते, त्या गावाची ओळख आज शिकवणी वर्गांच्या पाट्यांनी होते.

शिखांची पाच तख्ते कुठे आहेत? पंजाबात. भोंगा. तीन पंजाबात आहेत; चौथे बिहारमध्ये पाटण्याला आणि पाचवे गोदावरीकाठी नांदेडला. गुरू गोविंदसिंग 1708 मध्ये इथेच निवर्तले. आज दिसणारे सचखंड गुरुद्वाराचे मुख्य बांधकाम 1830च्या दशकात पंजाबचे महाराजा रणजितसिंग यांनी करवले, तेही निजामाच्या राज्यात.

2016च्या उन्हाळ्यात लातूरकर कोणत्या नदीचे पाणी प्यायले? मांजरा, कारण लातूरची नदी तीच. पण त्या वर्षी मांजरा धरण कोरडे पडले होते. लातूरला आले ते कृष्णेचे पाणी, मिरजेहून, रेल्वेने. एप्रिलमध्ये आलेल्या पहिल्या गाडीला 10 टाक्या होत्या, एकूण सुमारे 5 लाख लिटर पाणी. पुढे 50 टाक्यांची गाडी येऊ लागली. कृष्णेचे पाणी मराठवाड्याला मिळावे यावर आपल्याकडे किती वर्षे भाषणे झाली! ते शेवटी आले ते रुळांवरून, सव्वातीनशेहून अधिक किलोमीटर.

नांदेड स्वतंत्र कधी झाले? 15 ऑगस्ट 1947. आमच्याकडे शाळकरी पोरही या उत्तराला भोंगा वाजवील. हैदराबाद संस्थान भारतात आले 17 सप्टेंबर 1948 रोजी, स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालच्या मुक्तिसंग्रामानंतर आणि लष्करी कारवाईनंतर. नांदेडच्या विद्यापीठाला स्वामीजींचे नाव आहे आणि त्याची स्थापनाही मुद्दाम 17 सप्टेंबरलाच, 1994 साली झाली. आता पुढचा प्रश्न. त्या 'पोलीस अ‍ॅक्शन'मध्ये पोलीस किती होते? ती कारवाई लष्कराची होती, नाव 'ऑपरेशन पोलो', नेतृत्व मेजर जनरल जयंतो नाथ चौधुरी यांचे. देशांतर्गत मामला आहे हे ठसवण्यासाठी तिला पोलिसी नाव मिळाले आणि तेच आपल्या बोलण्यात राहिले.

इथपर्यंत हसता येते. पण त्याच्याही पुढचा प्रश्न आहे आणि वहीत तो लिहिताना माझा हात थांबला होता. 17 सप्टेंबरनंतर काय झाले? रझाकारांचे अत्याचार मराठवाड्याच्या घराघरांत सांगितले जातात आणि ते खरे आहेत. कारवाईनंतर मुस्लीम वस्त्यांवर हिंसा झाली, हेही खरे आहे. केंद्राने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने तिची नोंद केली आणि सर्वाधिक झळ पोचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. लातूर त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. हा अहवाल अनेक दशके लोकांसमोर आला नाही. काही भोंगे वाजतात तेव्हा कोणीच हसत नाही. तरी ते वाजायला हवेत, नाहीतर आपल्याला निम्मीच कथा पाठ राहते.

जाड भिंतीचे उत्तर

सर्वांना माहीत असलेल्या उत्तराची किंमत किती पडू शकते, हे आपल्या भागाइतके कोणाला ठाऊक असेल?

आमच्या लहानपणी भूगोलात शिकवत, की दख्खनचे पठार हा अतिशय प्राचीन आणि स्थिर भूभाग. भूकंप व्हायचे ते हिमालयात. 1967 मध्ये कोयनेला भूकंप झाला, पण त्याचा संबंध धरणाच्या जलाशयाशी जोडला गेला आणि उरलेले पठार स्थिरच राहिले. भूकंपाच्या धोक्यानुसार देशाचे जे विभाग पाडले होते, त्यांत किल्लारीचा परिसर पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. 1992च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्या परिसरात वारंवार धक्के जाणवले. लोक घाबरले, रात्री घराबाहेर झोपले. मोठा धक्का बसला नाही, तसे ते पुन्हा आत गेले.

30 सप्टेंबर 1993. गणेश विसर्जनाची रात्र उलटून पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटे. 6.2 ते 6.4 तीव्रतेचा भूकंप. जगाच्या मानाने ही तीव्रता मध्यमच, पण लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून अधिकृत आकड्यांनुसारच सुमारे 8 हजार माणसे गेली.

एवढी का गेली, या प्रश्नाचे उत्तर घरांच्या भिंतींत होते. भक्कम घर कोणते? जाड भिंतींचे. मराठवाड्यात कोणालाही विचारा, 1993 पूर्वी हेच उत्तर आले असते. मातीत रचलेल्या गोल दगडांच्या, दोन-दोन, अडीच-अडीच फूट रुंदीच्या भिंती आणि वर लाकडावर मातीचा जाड थर दिलेले माळवद. उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार, चोराला अभेद्य आणि मालकाच्या ऐपतीची खूण. जमीन हलली तेव्हा त्या भिंतींतले दगड मातीतून सुटून दोन्ही बाजूंना कोसळले आणि वरची माती झोपलेल्या माणसांवर आली. कुडाच्या, हलक्या छपराच्या खोपटांत राहणाऱ्यांना त्या मानाने इजा कमी झाली. लाकडी खांब-तुळयांच्या सांगाड्यावर छत पेललेल्या घरांत अनेक ठिकाणी भिंती पडल्या, पण सांगाडा उभा राहिला. गावात ज्याचे घर सर्वांत भक्कम, तोच सर्वांत धोक्यात होता.

हे उत्तर देणारे लोक मूर्ख नव्हते. त्यांच्या अनुभवातल्या सगळ्या प्रश्नांना जाड भिंत हे बरोबर उत्तर होते : ऊन, पाऊस, चोर. प्रश्न बदलला होता, आणि तो बदलू शकतो हे सांगायला कोणी आले नव्हते. पुढे 52 गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले. 2002 मध्ये विभागांचा नकाशा सुधारला तेव्हा 'पहिला विभाग' हा प्रकारच काढून टाकण्यात आला. भारतात भूकंपाचा धोका नगण्य आहे असा प्रदेश आता कागदावरही नाही.

21 मार्च 2024 रोजी सकाळी हिंगोली जिल्ह्यात 4.5 तीव्रतेचा धक्का बसला आणि नांदेडात आम्ही पायऱ्या उतरून रस्त्यावर आलो. 'आपल्याकडे भूकंप होत नाही' असे त्या गर्दीत कोणी म्हणाले नाही. एवढे आपण शिकलो, पण फार मोठी फी भरून.

चार अधिक, एक वजा

माझी भाची लातूरला राहून वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेची तयारी करत होती. सुट्टीत आली असताना जेवताना तिने माझ्याबरोबर एक भाग पाहिला. अ‍ॅलन डेव्हिस यांचा भोंगा वाजला, ते खुर्चीत मागे रेलून हसू लागले, तशी ती म्हणाली, "मामा, याचं चुकलं ना? मग हा हसतोय कशाला? आमच्याकडं चुकलं की चार मार्क तर जातातच, वरून एक कापतात."

नीटमध्ये बरोबर उत्तराला 4 गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला 1 गुण कापला जातो. प्रश्न सोडून दिला तर शून्य. हिशेब वरवर क्यूआयसारखाच, न येणाऱ्याला शिक्षा नाही. पण परीक्षेत प्रश्न सोडणारा गप्प राहून पुढे जातो, आणि क्यूआयमध्ये 'माहीत नाही' इथूनच खरी गप्पा सुरू होतात : मग कोणाला माहीत असेल? कसे शोधता येईल? तुला असे का वाटले?

'लातूर पॅटर्न'ला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. दुष्काळी भागातल्या, मोठ्या शहरांची दारे बंद असलेल्या मुलामुलींना या शिस्तीने डॉक्टर-इंजिनीअर केले. कोरडवाहू चार एकरांतून दवाखान्यापर्यंत पोचायला दुसरी वाट फारशी नव्हती. ज्या घरात एका गुणावर सगळ्यांचे भवितव्य टांगलेले असते, तिथे 'चुका आणि हसा' हे सांगणे सोपे नाही. चुकण्याची चैन इंग्लंडच्या नटांना परवडते, हे भाचीच्या प्रश्नात होतेच.

पण किल्लारीही विसरता येत नाही. आपल्याला असेही डॉक्टर, इंजिनीअर आणि अधिकारी लागतील, जे सर्वांना ठाऊक असलेले उत्तर ऐकल्यावर क्षणभर थांबतील आणि विचारतील, हे कोणी तपासले आहे का? परीक्षेच्या तीन तासांत हे विचारून चालत नाही. म्हणून त्यासाठी घरात वेगळी वेळ काढली पाहिजे, जिथे गुण मोजले जात नाहीत.

गुण परत

या कार्यक्रमातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट शेवटी सांगतो. पहिल्याच वर्षी प्रश्न आला होता, पृथ्वीला चंद्र किती? 'एक' म्हणणाऱ्याला भोंगा वाजला. दोन, असे त्यांचे उत्तर होते, कारण 1986 मध्ये सापडलेला क्रुइथ्ने नावाचा लघुग्रह त्यांनी दुसरा चंद्र म्हणून धरला होता. खरे पाहता तो सूर्याभोवतीच फिरतो. त्याची गती पृथ्वीच्या गतीशी जुळलेली आहे इतकेच. पुढच्या वर्षांत हाच प्रश्न पुन्हा पुन्हा आला आणि दर वेळी उत्तर बदलले. नंतर एका भागात त्यांनी उघडपणे सांगितले, की आम्ही आधी दिलेली काही उत्तरे आता खोटी ठरली आहेत, आणि त्यापायी कापलेले गुण स्पर्धकांना परत केले. भोंगा वाजवणाऱ्यांनी स्वतःवरच भोंगा वाजवून घेतला.

भाची आता वैद्यकीय महाविद्यालयात आहे. मागच्या दिवाळीत फराळाला आली तेव्हा ताटाभोवती बसलेल्या सगळ्यांना तिने विचारले, "उखाणा म्हणजे काय, सांगा बरं." आमच्या आत्याबाई, वय ऐंशीच्या पुढे, चकली मोडत म्हणाल्या, "कोडं. आमच्या आजीच्या येळंला कोड्यालाच उखाणा म्हणायचे." भाचीच्या हातात भोंग्यासाठी उचललेली ताटली तशीच राहिली.